बी आहे, वाफसा कुठाय?

गेल्या महिन्यात आमच्या गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज आला. पाच वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी, उभं राहता येत नाही, स्टेम सेल थेरपीसाठी सहा लाख हवेत, जमेल तशी मदत करा, खाली क्यूआर कोड. अर्ध्या तासात ग्रुपमध्ये दोन तट पडले. एक गट म्हणतोय हे सगळं थोतांड आहे, स्टेम सेल वगैरे काही नसतं, लोकांना लुबाडायचे धंदे. दुसरा म्हणतोय तुमचं पोर असतं तर कळलं असतं, पैसे त्यांचे, लेकरू त्यांचं, आशेवर पाणी ओतणारे तुम्ही कोण. मग कुणीतरी परदेशातल्या हॉस्पिटलचा व्हिडिओ टाकला, कुणीतरी एका खेळाडूच्या गुडघ्याची बातमी टाकली, एकाने दुसऱ्याच्या शिक्षणावर जायला सुरुवात केली आणि रात्री अकराला अ‍ॅडमिनने ग्रुप लॉक केला. त्या मुलीच्या बापाने त्यातलं सगळं वाचलं असणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सिद्ध न झालेल्या स्टेम सेल इंजेक्शनसाठी पेशंटकडून एक रुपयाही घेता कामा नये. करायचंच असेल तर रीतसर नोंदलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये करा, खर्च ट्रायल करणाऱ्याने सोसायचा, आणि निकाल वाईट आला तरी तो छापायचा. पण म्हणून मी थोतांडवाल्यांच्या बाजूला गेलो असं समजू नका, कारण माझ्या मते दोन्ही गट एकाच ठिकाणी चुकतात. दोघंही पेशीवर भांडतायत. स्टेम सेल म्हणजे अशी पेशी जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात, थोडक्यात बी झालं हो. नुसतं बी चांगलं असून कुणाचं शेत पिकलंय का? जमिनीत वाफसा नसताना पेरलं की बियाणं कितीही भारीतलं आणा, दुबार पेरणी ठरलेली, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. स्टेम सेलच्या बाबतीत वाफसा म्हणजे सिग्नल, म्हणजे शेजारच्या पेशींकडून येणारे निरोप. तू कोण व्हायचंस, कधी विभागायचंस, कधी थांबायचंस, हे सगळं त्या निरोपांवर ठरतं. आणि हे निरोप कसे चालतात ते शोधण्यात माणसांची आख्खी आयुष्यं गेलीत, ज्याचा उल्लेखही या वादात कुणी करत नाही.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते कारण ती सुरू होते दिल्लीत. १९७३ साली भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मा यांनी फळमाशीचा एक प्रकार नोंदवला, ज्यातल्या काही माश्यांना एक पंख नसायचा, काहींना दोन्ही नसायचे आणि काही तर अगदी नॉर्मल दिसायच्या. नाव ठेवलं विंगलेस, म्हणजे बिनपंखी. १९७६ मध्ये त्यांनी आणि व्ही. एल. चोप्रा यांनी त्यावर सविस्तर पेपर लिहिला. आता विचार करा, देशात धान्याची ओढाताण असलेला काळ, गव्हातांदळावर काम करणारी सरकारी संस्था, आणि तिथे एक माणूस बिनपंखांच्या माश्या मोजतोय. आजच्या ग्रुपवर कुणी हे टाकलं असतं तर काय कमेंट आल्या असत्या?

तिकडे १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रोएल नुसे नावाचा डच मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट हॅरॉल्ड वार्मस यांच्या लॅबमध्ये उंदरांच्या स्तनाच्या कॅन्सरवर काम करत होता. तो कॅन्सर एका व्हायरसमुळे होतो आणि व्हायरस पेशीच्या डीएनएमध्ये घुसून बसतो. प्रश्न एवढाच की घुसतो कुठे. वेगवेगळ्या गाठींमध्ये बघितलं तर पुन्हा पुन्हा एकाच जागेच्या आसपास, आणि तिथे असलेल्या जीनला त्यांनी नाव दिलं इंट-वन. मग १९८७ मध्ये कळलं की उंदराच्या कॅन्सरमधला हा इंट-वन आणि माशीतला तो विंगलेस हे एकच जीन आहे! माशीत तो बिघडला की पंख उगवत नाही, उंदरात नको तिथे चालू झाला की गाठ उगवते. दोन्ही नावं जोडून पुढे विंट हा शब्द तयार झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता आणि आजही येतो. अवयव घडणं आणि कॅन्सर होणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच निरोपाचं वेळेवर येणं आणि अवेळी येणं आहे, हे पंख नसलेल्या माशीने दाखवलं.

पण जीन सापडला म्हणून निरोप हाती लागला असं होत नाही. विंटचं प्रोटीन शुद्ध स्वरूपात वेगळं काढायला नुसे यांच्या स्टॅनफर्डच्या लॅबला २००३ साल उजाडावं लागलं, म्हणजे पहिल्या पेपरपासून एकवीस वर्षं. का? कारण त्या प्रोटीनला चरबीची एक शेपटी चिकटलेली असते, त्यामुळे ते पाण्यात नीट राहतच नाही. आणि या शेपटीमुळेच हा निरोप सहसा लांब जात नाही, लगतच्या पेशीपर्यंत पोचतो आणि तिथेच संपतो. हाताला हात लावून सांगितलेली गोष्ट जणू. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, क्लिनिकच्या जाहिरातीशी हिचा थेट संबंध आहे.

एमएस्सीला असताना पुण्यात मी हायड्रा कापलाय. तुम्ही शाळेत त्याचं चित्र काढलं असेल. प्रत्यक्षात तो इतका लहान की काचेच्या वाटीच्या तळाला चिकटलेला दोऱ्याचा तुकडा वाटतो. त्याला खाऊ म्हणून नुकतीच अंड्यातून निघालेली आर्टेमियाची पिल्लं घालायची, केशरी ठिपके असतात, ते गिळले की त्याचं पोट केशरी दिसायला लागतं. मग मायक्रोस्कोपखाली धरून बारीक ब्लेडने मधोमध कापायचा. हात थरथरतो, दोन तुकडे गोळा होऊन पडतात आणि वाटतं मारला आपण. दुसऱ्या दिवशी काही विशेष नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडली आणि बिनडोक्याच्या तुकड्याला वरच्या टोकाला चार बारीक फोड आलेले, ते म्हणजे नवीन टेंटॅकल्स. डोकं कापलेल्या टोकालाच आलं, पायाकडे आलं नाही. कुणी सांगितलं त्याला? १९०९ मध्ये एथेल ब्राउन या बाईंनी हायड्राच्या तोंडाजवळचा इवलासा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या कुशीत लावून दाखवला होता की तिथून नवं अंग फुटतं, म्हणजे तो तुकडा शेजाऱ्यांना काहीतरी सांगतो. काय सांगतो हे २००० साली कळलं, तिथेही विंटच निघाला. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम झालंय आणि तिथला हायड्रा शोधनिबंधांत 'इंड-पुणे' अशा नावाने नोंदलेला आहे, हे पुणेकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. हायड्रात स्टेम सेल भरपूर असतात हे खरं, पण त्या प्रत्येक तुकड्यात जिथल्या तिथे निरोप सांगणारी व्यवस्था शिल्लक असते म्हणून ते जमतं.

आता माणसाकडे या. आपल्या आतड्याचं अस्तर चारपाच दिवसांत बदलतं. त्यात खोलगट विहिरीसारखे खड्डे असतात आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी थोड्याशा स्टेम सेल. नेदरलँड्सच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबने १९९८ मध्ये विंटचा निरोप वाचणारा एक जीन उंदरात काढून टाकला तर पिल्लांच्या आतड्यात स्टेम सेलचा साठाच राहिला नाही, पिल्लं जन्मल्यावर लवकरच मेली. २००७ मध्ये त्याच लॅबने या स्टेम सेल नेमक्या ओळखायची खूण शोधली आणि २००९ मध्ये एका स्टेम सेलपासून जेलच्या थेंबात छोटंसं आतडं वाढवून दाखवलं. त्या थेंबात घातलेले ठरावीक सिग्नल होते म्हणून ते झालं, ते नसतील तर तीच पेशी जगत नाही. आणि हाच विंटचा रस्ता बंद करणारा एपीसी नावाचा जीन बिघडला की सिग्नल कायमचा चालू राहतो, मग आतड्यात पॉलिप म्हणजे मांसल गाठी येतात आणि त्यातून कॅन्सर. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये ही बिघाडाची पहिली पायरी सापडते. म्हणून मला 'तुमच्या झोपलेल्या स्टेम सेल अ‍ॅक्टिव्हेट करा' असं लिहिलेली पावडर नाहीतर क्रीम दिसली की राग येतो. अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणजे नक्की काय करा? किती वेळ? आणि थांबवणार कोण?

एवढं सांगितलं तरी समोरच्या बाजूकडे अजून मोठे मुद्दे आहेत आणि ते मला उडवून लावायचे नाहीत, कारण त्यातला एक माझ्या घरातला आहे. माझ्या मावसभावाच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाणारा आजार. सहाव्या वर्षी जिना चढताना पडायला लागला, अकराव्या वर्षी व्हीलचेअर. डॉक्टरांनी स्टिरॉइड, व्यायाम आणि नियमित तपासणी सांगितली, बरं करणारं औषध नाही हेही सांगितलं. एका बापाला हे सांगितल्यावर तो घरी जाऊन गप्प बसेल का? तो नाही बसला. अर्धा एकर विकला आणि एका क्लिनिकमध्ये दोन डोस दिले, चार लाख वीस हजार. मला कळलं ते सगळं झाल्यावर, त्याने पारदर्शक फाइल माझ्यासमोर ठेवली तेव्हा. सहा पानांचा इंग्रजी संमतीपत्राचा फॉर्म, प्रत्येक पानावर खाली त्याची मराठी सही, आणि चौथ्या पानावर एक ओळ की ही पद्धत प्रायोगिक असून परिणामांची हमी नाही. प्रायोगिक लिहिलं होतं आणि पावती मात्र ट्रीटमेंटची होती. मी त्याला ती ओळ वाचून दाखवली नाही. माझी हिंमत झाली नाही.

म्हणून 'तुमचं पोर असतं तर' या वाक्यापुढे मी मान खाली घालतो. त्या आईबापांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. ते मूर्ख नाहीत, त्यांना एकटं सोडलेलं आहे. पण त्यांच्या बाजूने बोलायचं म्हणजे क्लिनिकच्या बाजूने बोलायचं असं कुणी ठरवलं? मावसभावाच्या मुलाला त्याच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या पेशी दिल्या होत्या. ड्युशेनमध्ये स्नायूला लागणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रोटीन बनवणारा जीन बिघडलेला असतो आणि तो बिघाड शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो, त्या कमरेतल्या पेशीतसुद्धा. फुटक्या घागरीतलं पाणी दुसऱ्या फुटक्या घागरीत ओतल्यासारखं झालं. हे समजायला पीएचडी लागत नाही, बारावीचं बायोलॉजी पुरतं, मग इंजेक्शन देणाऱ्याला ते माहीत नव्हतं का?

दुसरा मुद्दा जास्त तगडा आहे आणि तो ग्रुपमध्ये एका शिकलेल्या मुलाने मांडला. बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाच्या ट्रान्सप्लांटलाही लोक हसायचे, तीही स्टेम सेल थेरपीच आहे, तेव्हा कुणी धाडस केलं नसतं तर आज ल्युकेमियाची मुलं वाचली असती का? अगदी बरोबर प्रश्न आहे. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत पहिल्या सहा पेशंटचा पेपर लिहिला, त्यातला एकही शंभर दिवसांच्या पुढे जगला नाही. त्या काळात बहुतेकांनी हा नाद सोडून दिला. पण थॉमस यांनी पुढे काय केलं ते बघा. सहाही मृत्यू स्वतः छापले. मग बरीच वर्षं कुत्र्यांवर काम केलं, मॅच कसा जुळवायचा, शरीराने नाकारू नये म्हणून काय करायचं ते शिकले, आणि १९६९ च्या सुमारास परत माणसांकडे वळले. मधल्या काळात १९६१ मध्ये टोरांटोत टिल आणि मॅकलक यांनी उंदरांच्या प्लीहेवर आलेल्या गाठी मोजून दाखवलं की मॅरोमध्ये खरोखर अशा पेशी असतात ज्यांपासून रक्त तयार होतं. मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींच्या टीमने १९८३ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीचा ट्रान्सप्लांट केला, देशातला पहिला. थॉमस यांना नोबेल मिळालं १९९० मध्ये. म्हणजे या इतिहासातून धाडसाचं उदाहरण घ्यायचं असेल तर पूर्ण घ्या, अपयश छापायचं आणि मागे फिरायचं धाडसही त्यातच येतं. पेशंटचे फोटो लावणाऱ्या किती क्लिनिकनी सुधारणा न झालेल्या पेशंटची यादी लावलीय?

शिवाय बोन मॅरो ट्रान्सप्लांट का चालतो याचं कारणच माझ्या मुद्द्याकडे येतं. मॅरोची पेशी शिरेतून दिली तरी ती हाडाच्या पोकळीत आपल्या घरी पोचते आणि तिथे रक्त बनवायचे सगळे निरोप आधीपासून तयार असतात. वर केमो किंवा रेडिएशन देऊन जागा मोकळी केलेली असते. नांगरट झालेली, ओल असलेली जमीन आणि त्याच मातीतलं बी. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत डोळ्याच्या बुबुळाच्या कडेच्या स्टेम सेल वापरून जळालेल्या डोळ्यांना दृष्टी दिली गेली, तिथेही बुबुळाची पेशी बुबुळावरच लावली. मग कमरेतली रक्त बनवणारी पेशी पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात सोडली आणि तिने मेंदूत जाऊन चेतापेशी व्हावं, हे कुणी सांगितलं तिला? तिथे तो निरोप देणारं कोण आहे? मघाशी म्हटलं ना, विंटसारखा निरोप शेजाऱ्यापलीकडे फारसा जात नाही. शिरेतून दिलेल्या मेसेन्कायमल पेशींचं, म्हणजे मॅरोत आणि चरबीत सापडणाऱ्या एका प्रकारच्या पेशींचं तर बहुतांश वेळा असं होतं की त्या फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात.

बरं, 'आपल्याच पेशी आहेत, फायदा नाही झाला तर तोटा तरी काय' हे वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलंय. तोटा काय ते सांगतो. मणक्याला इजा झालेल्या एका तरुणीच्या नाकातल्या आतल्या अस्तराच्या पेशी पोर्तुगालमध्ये तिच्या मणक्यात बसवल्या होत्या, वास घेणाऱ्या नसा पुन्हा वाढतात या विचाराने. आठ वर्षांनी पाठदुखी सुरू झाली, उघडून बघितलं तर गाठ, आणि त्या गाठीत घट्ट शेंबडासारखा द्रव. नाकाच्या पेशींनी मणक्यात बसून नाकाचंच काम केलं. यात पेशीची काही चूक नाही, तिला कुणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. हा पेपर २०१४ चा. त्याआधी २००९ मध्ये एका इस्रायली मुलाची केस आली, मॉस्कोत गर्भाच्या मेंदूतल्या पेशी त्याला दिल्या होत्या आणि काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात सापडलेल्या गाठी त्याच्या स्वतःच्या पेशींच्या नव्हत्या, दात्याच्या पेशींच्या होत्या. फ्लोरिडात तीन स्त्रियांची दृष्टी गेली, तो पेपर २०१७ चा, पोटाच्या चरबीतल्या, म्हणजे स्वतःच्याच, पेशी दोन्ही डोळ्यांत टोचल्यावर. एकाच वेळी दोन्ही डोळ्यांत! कुठलाही शहाणा संशोधक आधी एकाच डोळ्यावर थांबला असता.

आता राहिलं 'अमक्याचा मुलगा सुधारला, मी डोळ्याने बघितलंय'. मीही बघितलंय, मावसभावाचा मुलगा पहिल्या डोसनंतर दोन महिने खरंच जास्त हसत होता, मान जास्त वेळ धरत होता असं घरातल्या सगळ्यांना वाटलं. पण त्या दोन महिन्यांत रोज फिजिओथेरपीसुद्धा होती, जी आधी परवडत नाही म्हणून बंद होती. सेरेब्रल पाल्सीच्या लहान मुलांमध्ये तर वयाप्रमाणे वाढही चालूच असते. यातून इंजेक्शनचा वाटा वेगळा कसा काढणार, तुलनेला दुसरा गट नसेल तर? अमेरिकेत पार्किन्सनच्या चाळीस पेशंटवर असाच प्रयोग झाला, वीस जणांच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाल सांभाळणारं मेंदूतलं रसायन बनवणाऱ्या गर्भाच्या पेशी घातल्या, वीस जणांच्या कवटीला नुसती भोकं पाडली. क्रूर वाटतं ना? पण त्यामुळेच २००१ मध्ये कळलं की मुख्य मोजमापात दोन गटांत फरक नव्हता, आणि पुढे पेशी मिळालेल्यांपैकी पंधरा टक्के लोकांना अंगाच्या अशा अनावर हालचाली सुरू झाल्या की औषध थांबवलं तरी थांबेनात. पेशी जगल्या होत्या, डोपामिनही बनवत होत्या. पण किती आणि कधी बनवायचं हे सांगणारं कुणी नव्हतं.

आणि पेशंटला हवं ते देऊन टाका, अभ्यास मागून होईल, या धोरणाचं काय होतं हेही बघून झालंय. नव्वदच्या दशकात अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरला खूप मोठ्या डोसची केमो देऊन वरून स्वतःच्याच मॅरोच्या पेशी परत द्यायची पद्धत आली. तर्क बरोबर वाटत होता, बायका झगडत होत्या, विमा कंपन्या नाही म्हणाल्या तर कोर्टात जायच्या, आणि १९९३ मध्ये एका खटल्यात ज्यूरीने जवळपास नव्वद दशलक्ष डॉलरची भरपाई ठरवली. त्यानंतर नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा? हजारो बायकांनी ते भयानक उपचार घेतले. ट्रायलला मात्र पेशंट मिळेनात, कारण चिठ्ठी टाकून साध्या उपचाराच्या गटात जायला कोण तयार होणार. शेवटी १९९९ मध्ये निकाल आले तेव्हा फायदा दाखवणारा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतला एकच निघाला, आणि पुढच्या वर्षी तो खोटा असल्याचं उघड झालं. तिथे कुणी भामटा क्लिनिकवाला नव्हता, बहुतेक सगळे प्रामाणिक डॉक्टर होते. तरी हे झालं. आपल्याकडे आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात 'संशोधन आणि थेरपी' असं लिहिलं होतं, २०१३ मध्ये त्यातला थेरपी हा शब्द मुद्दाम काढून टाकला, २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की रक्ताच्या ठरावीक आजारांतला ट्रान्सप्लांट सोडला तर बाकी सगळं ट्रायलमध्येच. कागदावरचा शब्द गेला, गावोगावच्या भिंतींवरचा अजून आहे.

आता थोतांडवाल्यांशी बोलतो, कारण त्यांचा आत्मविश्वास मला तितकाच घातक वाटतो. डग्लस मेल्टन हे बेडकाच्या गर्भातल्या सिग्नलवर काम करणारे हार्वर्डचे संशोधक. त्यांच्या तान्ह्या मुलाला टाइप वन डायबेटिस निघाला, पुढे मुलीलाही. म्हणजे हाही एक बापच, आशा यालाही होती. त्याने बेडूक सोडले आणि स्टेम सेलपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी घडवायला घेतल्या. २०१४ मध्ये ती रेसिपी छापून आली, सहा टप्पे, चारपाच आठवडे, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळे सिग्नल. त्यात पहिल्याच दिवशी घालायचं एक रसायन विंटचा रस्ता चालू करतं, तोच आपल्या बिनपंखी माशीचा. पुढच्या टप्प्यांत आणखी एक रसायन हेजहॉग नावाचा रस्ता बंद ठेवतं, तोही फळमाशीच्या अळ्यांमध्येच सापडलेला, अळीच्या अंगभर काटे दिसायचे म्हणून ते नाव. क्रम चुकला, एक दिवस इकडेतिकडे झाला की इन्सुलिनची पेशी मिळत नाही, भलतंच काहीतरी मिळतं. या धर्तीवर बनवलेल्या पेशी ट्रायलमध्ये दिल्या, २०२५ मध्ये निकाल छापून आला, पूर्ण डोस मिळालेल्या बारापैकी दहा जणांना वर्षानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. त्यांना शरीराने पेशी नाकारू नयेत म्हणून औषधं घ्यावी लागतात, त्या औषधांचे धोके आहेत, बारा हा आकडा लहान आहे, सगळं मान्य. पण याला थोतांड म्हणणार का तुम्ही? आणि हे म्हणताना तुम्ही क्लिनिकवाल्याचंच काम सोपं करता, कारण तो पेशंटला हीच बातमी दाखवतो आणि सांगतो बघा, हे लोक याला थोतांड म्हणत होते.

यात पैशाचाही प्रश्न येतोच. माश्या आणि हायड्रावर सरकारने पैसा का घालायचा, सरळ रोगावर घाला, असं म्हणणारेही त्या ग्रुपमध्ये होते. त्यांचा मुद्दा पोकळ नाही. प्रत्येक माशीतून औषध निघत नाही, बहुतेकींतून काहीच निघत नाही, आणि गरीब देशात हा हिशोब विचारायचा लोकांना हक्क आहे. पण १९७३ मध्ये दिल्लीतल्या त्या माश्यांकडे बघून कुणाला डायबेटिसची आठवण आली असती? ज्याला आधीच कळतं की कुठल्या माशीवर पैसा लावायचा असा माणूस अजून जन्मलेला नाही. म्हणून थोडा थोडा पैसा बऱ्याच ठिकाणी, बरीच वर्षं, एवढाच मार्ग उरतो. आमच्या मावसभावाने अर्धा एकर विकून दिलेले चार लाख वीस हजार कुठल्याही वहीत ज्ञान म्हणून जमा झाले नाहीत. त्याचा मुलगा कुठल्याही अभ्यासातला एक आकडासुद्धा झाला नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. ट्रायलमध्ये गेला असता आणि फायदा झाला नसता, तरी पुढच्या एखाद्या मुलाला त्याचा उपयोग झाला असता.

ग्रुप परत उघडल्यावर मी काही लिहिलं नाही, त्या मुलीच्या वडलांना फोन केला. म्हटलं दादा, क्लिनिकला एवढंच विचारा की ट्रायलचा नोंदणी क्रमांक काय, आणि ट्रायल असेल तर पैसे कसले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. क्लिनिकवाले म्हणाले ट्रायल नाही, ट्रीटमेंट आहे, आणि या महिन्यात बुक केलं तर पन्नास हजार कमी करू. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, मग आता काय करू ते तरी सांगा. मी जिल्हा रुग्णालयातल्या लहान मुलांच्या तपासणी केंद्राचं सांगितलं, तिथे फिजिओथेरपी मोफत मिळते, आणि मुंबईला हाजीअलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेचंही सांगितलं. जमलेले चाळीस हजार त्यांनी ग्रुपवर विचारून ठेवून घेतले, बुटाच्या कॅलिपरसाठी आणि आठवड्याला दोनदा जायच्या गाडीभाड्यासाठी, कुणीही नाही म्हटलं नाही. गुरुवारी पहिला नंबर लागलाय.